दोघींनी सोडलं तर

शांतवन साळवे यांना धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे तोंडावर आबा म्हणत आणि पाठीमागे शलमोन, बायबलातला तो न्यायी राजा. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर केव्हाच गेलं होतं, आणि राग यायच्याऐवजी त्यांना त्याच्या गुदगुल्या होत. जिल्हा कोर्टात शिरस्तेदार म्हणून त्यांचा जन्म गेला. साहेब खुर्चीत बसून निकाल देत, पण निकाल काय लागणार हे आपल्याला आधीच कळायचं, असं आबा कुणालाही चहा पाजून सांगत. खोटं बोलणारा माणूस म्हणे पायाचा अंगठा आत ओढतो. तोंडाकडे बघणारे फसतात, अंगठ्याकडे बघणारा फसत नाही. हे शास्त्र त्यांनी स्वतःच काढलेलं होतं, त्यामुळे त्यात चूक निघायचा प्रश्नच नव्हता.

निवृत्त झाल्यावर ते मंडळीच्या पंचांत आले. सुनेचं भांडण, कबरस्तानातली जागा, नाताळच्या नाटकात मरिया कोण होणार, सगळं आबांकडे. उपासना सुटली की ते देवळाच्या दारात उभे राहत, एकेकाचा हात हातात घेऊन सलाम करत आणि लहान पोरांच्या तळहातावर संत्र्याची गोळी ठेवत. या पोरांत शारोन सगळ्यांत लबाड. एका हाताने गोळी घ्यायची, रांगेत मागे पळायचं आणि दुसरा हात पुढे करायचा. आबांना ते कळत असे आणि ते न कळल्यासारखं करत. खरं सांगायचं तर तिच्यासाठी ते खिशात एक गोळी जास्तच टाकत.

या शारोनचाच निवाडा त्यांच्या पुढ्यात आला.

शारोनचा बाप योगराज पारोळ्याजवळ मोटारसायकलवरून पडून गेला, तेव्हा ती रांगत होती. तिची आई मयुरी नर्स. घरात मिळवतं कुणी उरलं नाही म्हणून ती कुवेतला गेली आणि लेक नणंदेच्या ओटीत घालून गेली. नणंद म्हणजे सुनंदा, योगराजची मोठी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. वर्षभराचा प्रश्न आहे, असं विमानतळावर ठरलं होतं. पण वर्षाला वर्ष लागत गेलं, पोर बोलू लागली आणि समोर जी होती तिला आई म्हणाली. मोबाइलच्या काचेत दिसायची ती मम्मी. आता मम्मी कायमची परत आली होती. जळगावला एका दवाखान्यात नोकरी धरली, घर भाड्याने घेतलं आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मला माझी मुलगी द्या, म्हणाली. सुनंदाने दाराला आतून कडी घातली.

दोघी एकाच मंडळीत वाढलेल्या. कोर्टात जायचं कुणाच्याच मनात नव्हतं, आणि आबांच्या तर अजिबात नव्हतं. "आपली भांडणं परक्यांच्या कचेरीत न्यायची नाहीत, शास्त्र सांगतं," असं ज्यांचं सगळं आयुष्य त्या कचेरीत गेलं ते आबाच म्हणाले.

त्यांनी कामाला हात घातला तो मात्र मनापासून. एसटीने जळगावला जाऊन आले. मयुरीने पोरीसाठी खोली लावली होती. छोटी खाट, भिंतीवर कागदी चांदण्या, नवं दप्तर. सगळं दाखवून झाल्यावर ती खाटेच्या कडेवर बसली आणि रडायला लागली.

"आबा, खाट केवढी आणायची हे मला दुकानदाराला सांगता येईना. तिची उंची मला माहीतच नव्हती. त्याला मी हात वर करून दाखवलं, एवढी असेल म्हणून."

परत येऊन आबा सुनंदाकडे गेले. सुनंदा गेली कित्येक वर्षं मंडळीची रविवारची शाळा घेत होती. फ्लॅनेलच्या पाटीवर राजे, मेंढरं, खजुराची झाडं चिकटवून गोष्टी सांगायची. मयुरी तिच्याच हाताखाली शिकलेली. त्या दिवशी सुनंदा शारोनची वेणी घालत होती. आबांकडे न बघताच ती म्हणाली, "हिला उजव्या कुशीवर झोपवलं की खोकला येतो, आबा. डाव्या कुशीवर येत नाही. हे तिला कोण सांगणार? फोनवर सांगायच्या गोष्टी आहेत का या?"

आबा घरी आले. जळगावला गेलं की मयुरीचं खरं वाटायचं, धुळ्याला आलं की सुनंदाचं. अंगठे दोघींचेही सरळच होते. असं त्यांच्या हयातीत झालं नव्हतं.

पाळकसाहेब नीलेश वयाने तरुण, मंडळीत नवे. ते म्हणाले, "आबा, मला खरंच कळत नाही. दोघींचंही खरं आहे. थोडे दिवस जाऊ द्या. मयुरीबाई इथं येऊन राहू देत, पोरीला तिचा लळा लागू दे. मग बघू."

आबांना हसू आलं. पाळकालाच कळत नसेल तर मंडळीने कुणाकडे बघायचं? मला कळत नाही म्हणायला सेमिनरीत कशाला जावं लागतं? आणि तिथेच, पाळकखान्याच्या ओट्यावर, त्यांच्या डोक्यात ती युक्ती आली. युक्ती नवी नव्हती, तीन हजार वर्षांची होती. एका बाळावर दोन बायांनी हक्क सांगितला, राजाने तलवार मागवली, बाळाचे दोन तुकडे करा म्हणाला; जी म्हणाली तिलाच द्या पण मारू नका, ती खरी आई. तलवार आजकाल चालणार नाही, पण तलवारीचं काम करील असं काहीतरी आबांना सुचलं होतं. दोघींना सांगायचं, पोर कुणालाच मिळणार नाही, लांबच्या मिशनच्या बोर्डिंगात जाणार. जिच्या पोटात खरं तुटेल ती म्हणेल, नको, त्यापेक्षा तिला द्या. तीच आई. निकाल लागला.

युक्ती गुप्त ठेवायची होती. पण आबांच्या पोटात काही राहत असतं तर ते आबा कसले? निकालाच्या दोन रविवार आधी पाळकसाहेब बाहेरगावी गेले, उपदेशाची पाळी आबांवर आली, आणि त्यांनी विषय कोणता घ्यावा! शलमोनाचा निवाडा. राजाचा आवाज वेगळा, बायांचा वेगळा, तलवार उपसायचा हात वेगळा. मंडळी एकमेकांकडे बघत होती. मयुरी त्या दिवशी धुळ्यात होती, शेवटच्या बाकावर. सुनंदा पोरांबरोबर पुढे होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. आबा मात्र घरी येऊन घसा शेकत खूश होते.

त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, त्यांनी बेत सांगितला तो निकालाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी. यशोदाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"पोर कोठे ऱ्हाई तवय?"

"पोर तिथंच. पुढच्या बाकावर. लेकरू डोळ्यांसमोर असल्याशिवाय आईचं काळीज हलत नाही."

"तुमले एक सांगू? पोर शे ती, कोर्टातली केस नही. तिले समोर बसाडीसन हाई नका करू."

"तुला नाही कळायचं."

"मले नही कयत. तुमले बी नही कयत. मंग नही कयत म्हना ना! त्यामा काय लाज शे?" भाकरी तव्यावर जरा जोरातच आपटली.

आबा बाहेर जाऊन बसले. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं असं नाही, पण ते देता देता जेवण लांबलं असतं.

रविवारी उपासना सुटली आणि कुणीच घरी गेलं नाही. मे महिना, धुळ्याचं ऊन, पत्र्याचं छप्पर. पंखे फिरत होते आणि गरम हवाच इकडून तिकडे करत होते. आबा उपदेशपीठाखाली खुर्ची टाकून बसले. समोर डाव्या हाताला सुनंदा आणि तिचा नवरा ललित, उजव्या हाताला मयुरी एकटी. मधल्या बाकावर शारोन. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. आबांनी तिला आधीच गोळी दिली होती आणि ती तिने गालात धरली होती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. बुद्धी दे, म्हणाले. आबांनी सर्वांत मोठ्याने आमेन म्हटलं.

"पंचांनी विचार केला," आबा म्हणाले. पंचांपैकी बाकीच्या दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. "दोघींचाही हक्क सारखा. म्हणून पोर धुळ्यालाही नाही आणि जळगावलाही नाही. मिशनच्या बोर्डिंगात जाईल, लांब. वर्षभर दोघींनीही तिला भेटायचं नाही. हा निकाल."

चपला बाहेर होत्या. आबांची नजर दोघींच्या अनवाणी पायांवर होती. चारही अंगठे आत ओढले गेलेले त्यांना दिसले, आणि आता काय ते दिसेल म्हणून ते पुढे झुकले.

"द्या तिला," सुनंदा म्हणाली. "मयुरीला द्या. माझा हक्क मी सोडते."

शब्द पुरा व्हायच्या आत मयुरी उभी राहिली. "नाही, सुनंदाताईंकडेच राहू द्या. मी सोडते. मला नको."

मग सुनंदा वळली. तिचा चेहरा आबांनी असा कधी पाहिला नव्हता.

"मी पहिले सांगं! बठ्ठासनी ऐकं! मी पहिले सोडं!"

"तुम्ही आधी बोललात म्हणून काय झालं? तुम्हाला गोष्ट पाठ आहे. वर्षानुवर्षं तुम्हीच शिकवताय!"

"आणि तुला कुणी शिकवली?"

मागून कुणी म्हणालं, सुनंदाबाईच आधी बोलल्या. दुसरं कुणी म्हणालं, पण मयुरी उभी राहून बोलली, तिचं मनापासून होतं. बाकं सरकली. ललित कुणाच्या तरी अंगावर धावून गेला. कोणी आधी सोडली, कोणी जास्त मनापासून सोडली, यावर देवाच्या घरात अर्धी मंडळी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला. आबा खुर्चीवर बसून राहिले. राजाच्या गोष्टीत हे कुठेच नव्हतं. तिथे एकीने सोडलं होतं आणि एकीने धरलं होतं. इथे दोघींनी सोडलं होतं, आणि आपल्याला पोर मिळावी म्हणूनच सोडलं होतं. आता यातून आई कशी काढायची?

"शारोन कुठं आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मधला बाक रिकामा होता. बाकाच्या फळीवर गोळी पडली होती, अर्धी चोखलेली.

आधी वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. नळाजवळ नव्हती. पाळकखान्यात नव्हती. फाटक उघडं होतं. फाटकाबाहेर रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे मुंबई-आग्रा हायवे, कंटेनरमागे कंटेनर. ललित रिक्षा करून स्टँडकडे सुटला. मंडळीतले पोरगे मोटारसायकली काढून पांझरेच्या पुलाकडे गेले. सुनंदा अनवाणीच रस्त्यावर धावत सुटली, डांबर पायाला चिकटत होतं, आणि ती हाका मारत होती. मयुरी हायवेच्या कडेला उभी राहून हात वर करून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होती, एवढी मुलगी पाहिली का, एवढी.

आवाराच्या मागच्या बाजूला जुनी विहीर होती. तिची जाळी एका कोपऱ्यात गंजून तुटलेली होती आणि ती बदलायचं पंचांच्या बैठकीत दर वेळी पुढच्या वेळेवर जात होतं. आबांना तिची आठवण झाली आणि ते तिकडे वळले. जाळीला धरून खाली वाकले. आत अंधार आणि तळाशी थोडं पाणी.

"शारोन," त्यांनी हाक मारली. विहिरीने ती परत केली.

पाणी हललं नव्हतं. कचरा होता तसा होता. बराच वेळ ते बघत राहिले, आणि नाही याची खात्री झाल्यावरही त्यांना जाळी सोडवेना. प्रभू, ती आत नाही एवढं खरं असू दे, बाकी मला काही कळत नाही, असं ते मोठ्याने बोलून गेले. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हेच वाक्य पाळकाने म्हटलं होतं आणि यशोदेनेही म्हणायला सांगितलं होतं.

पाय ओढत ते देवळाच्या मागच्या दाराशी आले. बाजूला रविवारच्या शाळेची खोली. सगळे लांब धावले होते, जवळ कुणी पाहिलंच नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

शारोन फरशीवर बसली होती. सुनंदाची फ्लॅनेलची पाटी तिने भिंतीला टेकवली होती आणि त्यावर चित्रं लावली होती. मधे राजा सिंहासनावर. डावीकडे एक बाई, उजवीकडे एक बाई. तलवारवाला शिपाई कोपऱ्यात. बाळ तिच्या हातात होतं. ते वापरून वापरून मऊ झालं होतं, कडा उचकटल्या होत्या.

आबा दारातच थांबले. बाहेर ओरडून सांगायला हवं होतं, सापडली म्हणून; पण ते तिच्या हातातल्या त्या बाळाकडेच बघत होते.

तिने मागे पाहिलं. रडली नव्हती. "आबा," ती म्हणाली, "दोघींनी सोडलं तर हे कुठं लावायचं?"

आबांचं तोंड उघडलं. आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाला ते असंच उघडलं होतं आणि आतून काही ना काही आलं होतं.

"मला ठाऊक नाही, बेटा."

"पण राजा तर तुम्हीच होता ना?"

ते खाली बसले. या वयात फरशीवर बसणं सोपं नव्हतं, भिंतीला धरून बसले. "नव्हतो," ते म्हणाले. "मी उगीच त्या खुर्चीत बसलो. माझं चुकलं, शारोन. त्यांनी तुला नाही सोडलं. मी त्यांना सोडायला लावलं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. विश्वास बसला की नाही हे आबांना कळलं नाही. तिचे पाय फ्रॉकखाली होते, अंगठे दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी आता त्या शास्त्रावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

मग त्यांनी हाका मारल्या. आधी यशोदाबाई आल्या, त्यांच्या मागून सुनंदा, डांबराच्या पायांनी, आणि तिच्या मागून मयुरी. दोघी उंबऱ्यात येऊन थांबल्या. शारोन आत, मधे चार पावलांची फरशी, आणि दोघींतली एकही पुढे येईना. दोघीही एकमेकींच्या तोंडाकडे, मग आबांच्या तोंडाकडे बघत होत्या. आबांना उशिरा उमजलं. पुढे होऊन जी पोरीला उचलेल तिने धरलं असं होईल. जी धरेल ती हरेल, असं त्या धरून चालल्या होत्या. आपला निकाल अजून चालू होता.

"अगं, धरा तिला!" आबा ओरडले. आवाज फाटला. "निकाल गेला खड्ड्यात! धरा, दोघी धरा!"

तेव्हा त्या धावल्या. कोण आधी पोचली ते आबांनी पाहिलं नाही. पाहायचंच नाही, म्हणून त्यांनी डोळे मिटले. शारोन तेव्हा कुठे रडायला लागली. यशोदाबाई त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

पुढे पाळकसाहेबांचं ऐकलं गेलं. मयुरीने जळगावची नोकरी लांबणीवर टाकली आणि सुनंदाच्या घरी येऊन राहिली. शारोनला जळगावला न्यायची की नाही, न्यायची तर केव्हा आणि बरोबर कोण जाणार, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की पाळकसाहेब मान हलवून नाही म्हणत. आबांनी पंचांतून नाव काढून घेतलं. दारातला सलाम तेवढा पाळकसाहेबांनी त्यांच्याकडून काढून घेतला नाही.

दोन रविवार शारोन देवळात आली नाही. तिसऱ्या रविवारी आली. उपासना सुटली. आबा दारात उभे होते, खिशात नेहमीची एक गोळी जास्तीची. रांग पुढे सरकत आली. शारोन मधे होती, एका बाजूला आई, एका बाजूला मम्मी, आणि तिने दोघींचे हात धरले होते. हात कसले, मुठी. सुनंदाच्या बोटांवर वळ उठलेले आबांना दिसले.

"सलाम, शारोन," ते म्हणाले आणि गोळी पुढे केली.

ती थांबली. गोळीकडे पाहिलं. मग डाव्या हाताकडे पाहिलं, मग उजव्या हाताकडे. घ्यायची तर एक हात सोडायला हवा होता. मागची रांग थांबली होती, कुणीतरी खोकलं. "घे ना बाळा," मयुरी हळूच म्हणाली आणि तिने आपली बोटं थोडी सैल केली. त्याबरोबर शारोनने ती अशी आवळली की मयुरीच्या तोंडून आवाज निघाला.

"नको, आबा," शारोन म्हणाली. आणि तिघी तशाच, आडव्या, दारातून कशाबशा बाहेर पडल्या.

आबांनी गोळी परत खिशात टाकली आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतला.